सातभाई ते एक हजार चोवीस

सातभाई मोजायला बसू नये. नावात सात आहेत म्हणून मी एकदा गोरक्षण रोडच्या आमच्या घरामागच्या कडुनिंबाखाली बसून मोजले. सहा निघाले, मग नऊ, मग परत आठ. मातकट रंग, विस्कटलेली पिसं, पिवळट डोळे आणि चेहऱ्यावर कायम ‘माझ्या वाटणीचं काय झालं?’ असा भाव. सगळे एकाच वेळी बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि एकटा पडला की त्यांच्यातल्या एकालाही करमत नाही. इंग्रजांनी यांना सात बहिणी म्हटलं, आपण सात भाऊ म्हटलं. भांडण ऐकून ज्याला आपल्या घरातलं जे आठवलं ते त्याने नाव ठेवलं असावं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अकोल्यातल्या पक्षीनिरीक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. तो सुरू झाला तेव्हा आम्ही मोजून सात होतो.

२०१५ चा डिसेंबर. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, कृषी विद्यापीठातले एक सर, शाळेतल्या एक बाई, मेडिकल स्टोअरवाला एक भाऊ, कॉलेजातली दोन पोरं आणि बँकेतला कारकून म्हणजे मी. सात जणांत मिळून एक दुर्बीण, पावसात भिजून फुगलेलं सालिम अलींचं एक पुस्तक आणि एक थर्मास. रविवारी पहाटे पातूर रोडने कापशीच्या तलावावर जायचं, पाळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावायचा आणि पाणी दिसलं तरी ‘बदक आहे’ म्हणायचं, कारण मागचा माणूस थंडीने दात वाजवत उभा असायचा. ग्रुप काढला तो फक्त एवढ्यासाठी, की पहाटे फोन केला तर सगळ्यांच्या घरचे उठायचे. पहिल्या वर्षातला सरासरी संवाद असा:

‘उद्या पावणेसहा. नेहरू पार्क. थर्मास?’

‘मी.’

झालं. आठवडाभर ग्रुप मुका. त्या वेळी एका ग्रुपात शंभर माणसं घेता येत आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. एवढी माणसं मिळाली तर पक्षी कोणासाठी पाहायचे, असं काका म्हणायचे. दोन महिन्यांतच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, व्हॉट्सॲपने शंभराचे २५६ केले. आम्ही अजून बाराच होतो, पण घर मोठं झालं की माणसाला पाहुणे आठवतात तसं काहीतरी आमच्या मनाचं झालं.

पहिला पाहुणा मीच आणला हे कबूल करतो. माझ्या साडूने नवा कॅमेरा घेतला होता आणि लग्न सोडून दुसरं काय काढावं हे त्याला सुचत नव्हतं. मी म्हटलं, ये ना ग्रुपवर. त्याने कॅमेरा विकणाऱ्याला आणलं. त्याने लेन्स दुरुस्त करणाऱ्याला आणलं. आता कोणी म्हणेल, नाही म्हणायचं होतं. पण वऱ्हाडात नाही म्हणायची सोय कुठे आहे? आपण ताटावर बसलेलो असतो, दारात कोणीतरी येतो, आपण ‘या जेवाले’ म्हणतो. पुण्याकडे हे वाक्य निरोपाचं असतं म्हणे. आमच्याकडे माणूस हात धुऊन बसतो.

तीस-चाळीस जणांचा काळ मात्र बरा गेला. कोणाच्या अंगणात शिक्रा आला, कोणाच्या बाभळीवर सुगरणीने अर्धवट खोपे सोडले, महानच्या धरणावर चक्रवाक उतरले, सगळं कळायचं. चूक झाली तर सर हळूच सुधारायचे: ‘ताई, तो कोकीळ नाही, कोकिळा आहे. ठिपके पाहा.’ ताईसुद्धा ठिपके पाहायच्या. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की माणसाच्या मेंदूला साधारण दीडशेच माणसांशी खरी ओळख सांभाळता येते. त्यांना अकोल्याच्या लग्नाला कोणी बोलावलेलं नसावं, नाहीतर आकडा त्यांनी वाढवला असता. पण आमच्या ग्रुपपुरतं ते बरोबर निघालं. दीडशेच्या आसपास कधीतरी मला पहिल्यांदा वाटलं की इथे कोण बोलतंय हे मला माहीत नाही, आणि मी काय बोलतो याच्याशी त्याला घेणं नाही.

ती दीडशे माणसं आली कुठून? काही मोर्णा नदीतून आली. १३ जानेवारी २०१८ ला शहरातले हजारो लोक नदीत उतरून जलकुंभी काढत होते. पंतप्रधानांनी त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये उल्लेख केला ती हीच मोहीम. आमचे लोकही चिखलात होते आणि जलकुंभीतून दुडदुडत निघालेली पाणकोंबडी पाहून शेजारच्या चार जणांना तिचं नाव सांगत होते. संध्याकाळी ते चौघे ग्रुपवर. मग ग्रुपवर वाद, की जलकुंभी गेली तर पाणकोंबडीने कुठे जायचं. नदी तुंबवून कोंबड्या पाळायच्या का, असं एकाने विचारलं. वाद तीन दिवस चालला. पाणकोंबडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या वळणावर निवांत फिरताना काकांना दिसली होती, पण तो निरोप वादाखाली गाडला गेला.

बाकीची माणसं पक्षी सप्ताहात आली. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला. ज्या माणसाने नवेगावच्या आणि मेळघाटच्या जंगलात नोकरीची वर्षं काढली, त्याच्या जन्मदिवसाला आम्ही बॅनर लावून फोटो काढतो. एका वर्षी बॅनरवरचा पक्षी कोणालाच ओळखू येईना. शेवटी सरांनी सांगितलं की हा युरोपातला रॉबिन आहे, छापणाऱ्याने नेटवरून उचललाय. तोवर प्रमाणपत्रंही छापून झाली होती. दर सप्ताहाला पन्नास-साठ नवे सदस्य येतात आणि पुढे वर्षभर सकाळी सहाला फुलांच्या चित्रावर सुविचार टाकून आपण हयात असल्याचं कळवतात. २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असा निर्बंध आला. मी हिशेब केला, आमचा ग्रुप प्रत्येकाच्या पहिल्या पाचात होता.

तज्ज्ञ म्हणवणारे ग्रुपात वाढले तसे खरे जाणकार गप्प झाले, हे माझ्या सर्वांत उशिरा लक्षात आलं. पूर्वी सर ‘ठिपके पाहा’ म्हणायचे. आता ठिपके म्हणेपर्यंत मोबाईलवरचं ॲप उघडून तिघांनी तीन नावं टाकलेली असत आणि चौथा विचारी, याचा मराठी अर्थ काय. एकदा बाईंनी लिहिलं, ‘कापशीला हळदीकुंकू दिसलं, चोवीस!’ चोचीला पिवळा-तांबडा रंग असणारं हळदीकुंकू बदक, जानेवारीतली सकाळ. दुपारपर्यंत सहा जणींनी पत्ता विचारला, दोघींनी वाण काय आहे ते विचारलं आणि एकीने रागाने लिहिलं की आम्हाला बोलावणं नव्हतं.

आणि पितृपक्ष! त्या पंधरवड्यात आमच्या ग्रुपाइतका जागता ग्रुप वऱ्हाडात नसेल. एरवी कावळ्याचा फोटो टाकला तर ‘यात काय विशेष?’ म्हणणारे लोक कावळ्यांची संख्या का घटली यावर लेख टाकतात. पण कळस वेगळाच. एका मे महिन्यात, पितृपक्ष नसताना, सकाळी अकराला निरोप आला. गांधीग्रामला पूर्णेच्या काठी एका घराचा दहावा होता.

‘कावळा शिवून नाई राह्यला. दीड तास झाला. ऊन लय हाय. ग्रुपवर कोनी जानकार हाय काय?’

जाणकार होते ना, दोनशे होते. एकाने विचारलं, गावकावळा पाहिजे की डोमकावळा? दुसरा म्हणाला, शास्त्रात तसा भेद नाही. तिसऱ्याने, कोणत्या शास्त्रात, असं विचारलं आणि तिथून गाडी रुळावरून उतरली. चौथ्याने कावळ्याच्या आवाजाची ध्वनिफीत पाठवून काठावर वाजवून पाहायला सांगितलं. पाचव्याने असे आवाज वाजवणं पक्षीनिरीक्षणाच्या नीतीत बसत नाही म्हणून नियम क्रमांक ९ दाखवला. सहाव्याने उन्हात पक्षी सावलीला असतात, चारनंतर प्रयत्न करा, असा खरा शास्त्रीय सल्ला दिला आणि लोकांनी त्यालाच फैलावर घेतलं, की भटजी चारपर्यंत थांबतात काय. एक्केचाळीस निरोप झाले. शेवटी एकच ओळ आली: ‘धाकल्यानं मोठ्याचं सोसायटीचं कर्ज आपुन फेडतो म्हटलं. शिवला.’ त्या महिन्यात ग्रुपवर नोंदलं गेलेलं, जागा-वेळेसह खात्रीचं, ते एकमेव पक्षीदर्शन.

पुन्हा सातभाईंकडे येतो. चातक आणि पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. हे लबाडीचं काम झाल्यावर चातक पावसाची वाट पाहायला मोकळा, आणि कवीही त्याचंच कौतुक करणार. इकडे आठ-नऊ सातभाई मिळून दुसऱ्याचं पिल्लू चारतात. खरं सांगायचं तर आमच्या ॲडमिनला मी दुसरं काही करताना पाहिलेलं नाही. कौलखेडला प्लॉट, एनए, कर्जाची सोय. मुलगी सुशील, एमएस्सी ॲग्री, मुलाला सरकारी नोकरी हवी. घरगुती शेवया, उन्हाळी ऑर्डर सुरू. प्रत्येक अंडं जरासं आमच्यासारखंच दिसतं. शेवयांच्या जाहिरातीवर कोपऱ्यात चिमणी होती. प्लॉटवाल्याने तर खाली लिहिलं होतं, ‘परिसरात भरपूर पक्षी.’

मग नियम आले. पहिल्या वर्षी एकही नव्हता. शंभरीला पाच झाले, अडीचशेला तेवीस. नियमांचा निरोप पडला की त्याखाली साठ जण हात जोडतात, चाळीस जण अंगठा दाखवतात आणि नियम क्रमांक ३ असतो, ‘हात जोडणे व अंगठा दाखवणे टाळावे.’ २०१८ मध्ये फक्त ॲडमिनने बोलायची सोय व्हॉट्सॲपने दिली, तेव्हा आमच्याकडेही दोन आठवडे तोंडबंदी झाली. इतकी शांतता, की काकांना वाटलं आपला फोन बिघडला. ग्रुपवर बोलता येत नाही म्हणून लोकांनी ॲडमिनला घरी फोन केले, आणि त्याच्या घरचे पहाटे उठायला लागले. म्हणजे ज्या त्रासापायी ग्रुप काढला होता, तो ग्रुपने फिरून त्याच्याच घरी पोचवला. तोंडबंदी उठली आणि एकाचे सात ॲडमिन झाले.

जुने लोक म्हणू लागले, पहिल्यासारखं राह्यलं नाही. हे अकोल्याचंच दुखणं नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी संगणकांवर गप्पांचे असेच मंडप होते. दर सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांची झुंड यायची, धुमाकूळ घालायची आणि महिनाभरात जुन्यांकडून वळण शिकायची. १९९३-९४ च्या सुमाराला इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या लाखो गिऱ्हाइकांना तिथे सोडलं. शिकवणारे थोडे, शिकायचे लाखो. जुन्यांनी १९९३ च्या त्या महिन्याचं नाव ठेवलं, न संपणारा सप्टेंबर. आम्ही त्याला न संपणारा पक्षी सप्ताह म्हणू.

पण ‘पहिल्यासारखं’ म्हणजे नक्की कधी, याची मी चौकशी केली. सातांतले आम्ही म्हणतो, बारा जण होईपर्यंत मजा होती. एकशे ऐंशीवा आलेला गृहस्थ चारशेव्याला सांगत होता, ‘तुमी उशिरा आले भाऊ, आमच्या काळात ग्रुप म्हणजे घर होतं.’ त्याचा काळ म्हणजे ज्या वर्षी मी ग्रुप मूक करून ठेवला होता. अकोल्याहून नागपूरकडे निघालेल्या गाडीच्या जनरल डब्यासारखं आहे हे. जो अकोल्याला खिडकीतून पिशवी टाकून, दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन आत शिरतो, तोच मूर्तिजापूरला दारात उभा राहून ‘मांगच्या डब्यात जा, इथीसा जागा नाई’ म्हणतो. आणि बडनेऱ्याला त्याचं ते वाक्य मूर्तिजापूरचा माणूस म्हणतो.

२०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि वर्ष संपायच्या आत १०२४ झाली. ग्रुपने पहिली मोठी सहल काढली ती त्यानंतर. चौसष्ट माणसं, चौदा गाड्या, काटेपूर्णा. मी नेहमीच्या सवयीने खाकी शर्ट घालून गेलो. तिथे केशरी फेटे होते. जंगलाबाहेरच्या एका शेतात गोवऱ्या पेटल्या होत्या, रोडगे भाजत होते, वरण रटरटत होतं, वांग्याच्या भाजीची तर्री लांबून दिसत होती. मी रोडग्यांविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. तुपात बुडवलेला रोडगा खाताना समोर गरुड बसला असता तरी मी मान वर केली नसती. पण दिवसाची यादी तीन पक्ष्यांची झाली. एक वेडा राघू, तारेवर. एक कोतवाल, गाडीतून. आणि टिटवी, जिला आम्ही पाहिलं म्हणण्यापेक्षा तिनेच आम्हाला पाहिलं आणि ओरडून साऱ्या जंगलाला सावध केलं. एवढं करून सहलीचे फोटो ग्रुपवर सातशे आले.

या वाढीतली एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. शहराजवळच्या एका जुन्या वडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. सात जण होतो तेव्हा सगळ्यांना माहीत होती, कोणी बोलत नव्हतं. एका उत्साही सदस्याने नकाशावरची खूण टाकली. रविवारी झाडाखाली तीस मोटारसायकली उभ्या होत्या, एक जण फांद्या तोडून ‘फ्रेम साफ’ करत होता. पुढच्या हंगामात ढोल रिकामी होती. तेव्हापासून नियम क्रमांक १, घरट्याची जागा सांगायची नाही. तेविसातला तो एकच नियम मला पाठ आहे.

तरी मी ग्रुप का सोडला नाही? मागच्या उन्हाळ्यात बाळापूरकडचा एक शेतकरी सदस्य झाला. एका अख्ख्या शेताचा फोटो, मधे बोटाच्या नखाएवढा ठिपका. ‘सर, हे कोनतं पाखरू व्हय? पडीक वावरात पळते, थांबते, परत पळते. उडत नाई.’ एकाने ‘फोटो नीट टाका’ म्हटलं, दुसऱ्याने न पाहताच टिटवी ठरवली, तिसऱ्याने नियम क्रमांक ११ दाखवला. तीन वर्षांच्या मौनानंतर सरांनी एक ओळ लिहिली: ‘भाऊ, मी येऊ का पाहायला?’

आम्ही दोघं गेलो. धाविक होता. विटकरी पोट, डोळ्यामागून गेलेली पांढरी पट्टी, उंच पाय. दहा पावलं धावायचं आणि एकदम पुतळा व्हायचं. उघड्या ढेकळांत, ना काडी ना गवत, दोन अंडी. शेजारचं सगळं वावर वखरून झालेलं आणि मधे खाटेएवढी जागा तशीच सोडलेली.

‘नाव मालूम नव्हतं,’ तो म्हणाला, ‘पन अंडे होते ना. वखर वळवून नेला.’

परत येताना सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हा माणूस आपल्या सातांत कधीच आला नसता. खरं होतं. आमच्या सातांना दुर्बीण एक होती आणि वावर एकाकडेही नव्हतं.

दरम्यान ग्रुपची पिल्लं निघाली आहेत. ‘फक्त पक्षी’ म्हणून एक ग्रुप फुटला. त्यात सुविचार आले तेव्हा त्यातून ‘फक्त पक्षीच’ फुटला. कॅमेरावाल्यांचा वेगळा, रोडगेवाल्यांचा वेगळा, आणि तोच एकटा कसलीही कुरबूर न होता चालतो, कारण त्यात लोकांना एकमेकांची मतं लागत नाहीत, वांगी लागतात. गणेश मंडळांचंही असंच होतं. आमच्या अकोल्यातल्या मानाच्या गणपतीचं नावच बाराभाई आहे. मिरवणुकीत त्याच्यामागे किती मंडळं चालतात ते एकदा येऊन पाहा.

गेल्या महिन्यात काका, सर, बाई, मेडिकलवाला भाऊ आणि मी अशा पाच जणांनी गुपचूप एक नवा ग्रुप काढला. कॉलेजातली ती दोन पोरं आता पुण्यात नोकरीला आहेत, त्यांना मानाने घेतलं. सात झाले. नाव ठेवलं नाही, नावावरून लोकांना वास लागतो. नियम एकच, कोणालाही घ्यायचं नाही. बाळापूरच्या भाऊंना घेतलं, ते अपवाद म्हणून. त्यांनी त्यांच्या पुतण्याला आणलं, कारण फोन तोच चालवतो. परवा रात्री साडूचा निरोप आला, ‘तुमी वेगळा ग्रुप काढला म्हनते?’ आता सख्ख्या साडूला काय सांगणार? या ना भाऊ, म्हटलं.

काल मोजले, एकवीस आहेत. रविवारी पावणेसहाला नेहरू पार्क. येणाऱ्याने थर्मास आणावा.